कपाटवाल्याच्या पोरीचा डबा

बसा पाहुणं. ते स्टूल नको, डुगडुगतंय, हे घ्या. कपाटाचं माप घेऊ की, टेप काय पळून जात न्हाई. पोरगी गाडीतच बसते म्हणता? बरं, सावलीला गाडी लावलीय नव्हं, मग बसू दे. च्या सांगितलाय. तो येऊस्तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगतो. कंप्युटरची हाय. हसू नका, मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाई. सातवी नापास माणूस मी, पत्रा वाकवायचा एवढंच येतं. पण गोष्ट माझ्याच घरातली हाय आनि तुमच्या कामाची हाय.

त्या दिवशी मी इथंच, ह्याच बेंचवर पत्रा आखत होतो. माझ्या पोरीचं, हर्षदाचं, लग्न ठरलं होतं. तासगावकडचं स्थळ, पोरगा दूध डेअरीत मशिनरी बघायचा. सगळं मनासारखं. आता अख्ख्या विट्यात पोरीचं लग्न ठरलं की बाप माझ्या दारात येतो, तर माझ्या स्वतःच्या पोरीचं कपाट कसं पाहिजे? तीन दारांचं. मधल्या दाराला पुरा आरसा. आत लॉकर, लॉकरच्या आत चोरकप्पा. चार गडी लागले पाहिजेत उचलायला, असं डोक्यात घेतलेलं.

हर्षदा मागच्या घरातनं जेवणाचा डबा घेऊन आली. बँकेत कामाला होती, शनिवारी लवकर सुटायची.

"हे कुणाचं, अप्पा?"

"ओळख."

तिनं पत्र्याभोवती एक चक्कर मारली. "माझं असंल तर मला नको."

मी म्हणलं, "चार दारांचं करू?"

"कपाटच नको."

तिनं माझ्या हातातला खडू घेतला आनि त्याच पत्र्याच्या कोपऱ्यात एक चौकोन काढला. शेजारी उंची काढली, खोली काढली. चपलांच्या खोक्यापेक्षा थोडं मोठं. म्हणाली, "मला हा डबा करून द्या. कंप्युटरचा. आतले पार्ट मी माझ्या पगारातनं घेते, डबा तुमच्या हातचा."

"बँकेचं काम घरी आणणार व्हय?"

"न्हाई. गेम खेळायला."

आता हे मला ठाऊक होतं. डिप्लोमाला हॉस्टेलवर होती तवा मैत्रिणीच्या कंप्युटरवर हा नाद लागलेला. घरी आल्यावर सांगायची, आज असा डोंगर चढले, असा घोडा पळवला. आमची आक्का, म्हंजे माझी थोरली बहीण, ती लसूण सोलत सगळं ऐकून घ्यायची. हर्षदाची आई लवकर गेली. आक्कानंच तिला वाढवलं. आक्का तिच्या सासरहून परत आलेली, ते कायमचीच. तवापासून आमच्यातच.

मी म्हणलं, "अगं, कपाटवाल्याची पोरगी कपाटाशिवाय सासरी गेली तर लोक काय म्हणतील? माझ्या धंद्याचं काय?"

"धंद्याचं काय व्हायचंय? डब्यावर तुमचं नाव घाला."

"आनि घ्यायचाच तर मोठा घे की. एवढासा डबा कशाला? त्यांचं घर काय लहान हाय का?"

"मला एवढाच पाहिजे," म्हणाली. आनि जेवणाचा डबा उघडून मला भाकरी वाढायला लागली. म्हंजे विषय संपला.

संध्याकाळी मी आक्काला म्हणलं, तू तरी सांग तिला. आक्का म्हणाली, "पगार तिचा, लग्न तिचं. तुझा फक्त पत्रा हाय, मारुती. देणार असशील तर दे, न्हाईतर न्हाई म्हण. कुरकुरू नको."

तर असा सगळा मामला. मला पोरीला कपाट देऊन वाजतगाजत पाठवायची, आनि पोरीला पाहिजे चपलांच्या खोक्याएवढा डबा. आनि एवढासाच का, ते विचारलं की बाई गप्प.

पार्ट घ्यायला कोल्हापूरला गेलो. मी, हर्षदा आनि जावई. संग्रामराव त्यांचं नाव. नाव संग्राम, आनि माणूस असा की हॉर्नसुद्धा हळू वाजवणार. आक्कानं वाटेत खायला दपाटी बांधून दिली होती, ती पोरानं गाडी चालवता चालवता संपवली. मला बरं वाटलं. खाणारा माणूस मनात काय ठेवत न्हाई.

जाताना तो एकदम खुशीत. "अप्पा, काचेचा कॅबिनेट घेऊ. आत रंगीत दिवे असतात. आमच्या हॉलमधे ठेवला ना, गल्लीतली पोरं खिडकीला लोंबकळतील बघा." कॅबिनेट म्हंजे कंप्युटरचा डबाच, पण दुकानात त्याला तसं म्हणायचं.

हर्षदा खिडकीतनं बाहेर बघत म्हणाली, "डबा अप्पा करणारेत."

"मग मोठा करू दे की."

"छोटा."

"बरं," म्हणाला. पण त्याचं तोंड जरा उतरलं.

दुकान म्हंजे एक अरुंद गाळा, वरपर्यंत नुसती खोकी. दुकानदार चष्मेवाला तरणा गडी, बोलायला गोड. त्यानं आधी मोठं खोकं काढलं. हर्षदानं कागदावर मापं लिहून आणली होती, ती पुढं केली. त्यानं बघितलं आनि डोकं खाजवलं.

"मॅडम, एवढ्यात बसवायचं म्हंजे प्रत्येक पार्ट मापाचा शोधायला लागंल. तेवढ्याच खर्चात मोठ्या डब्यात दीडपट भारी मशीन बसतं. छोटं महाग पण पडतं आनि तापतं पण."

"चालंल. मदरबोर्ड सगळ्यात लहान कुठला?"

त्यानं एक हिरवट काळी पाटी काढली, माझ्या पंज्यापेक्षा जरा मोठी. म्हणाला, सगळं ह्याच्यावर बसतं, मेंदूबिंदू सगळं. मी हातात घ्यायला गेलो तर हर्षदानं माझा हात बाजूला केला. "अप्पा, हात ग्रीसचा हाय."

मग एकेक सुरू झालं. मेंदूवर बसवायचा पंखा. दुकानदारानं उंच काढला, देवळाच्या शिखरागत. म्हणाला ह्यानं थंड ऱ्हातं. हर्षदा म्हणाली डब्याचं झाकण लागायचं न्हाई, बसका दाखवा. बसका घेतला तर शेजारची मेमरी उंच, ती पंख्याला आडवी येती. मग मेमरी ठेंगणी शोधली. करंट देणारा डबा असतो, पॉवर सप्लाय म्हणतात, तो नेहमीचा म्हंजे जुन्या विटेएवढा. तो ठेवला तर बाकीच्यांनी बाहेर बसायचं. त्यातला अर्धुकला पुण्याहून मागवायला लागंल म्हणाला. मागवा, म्हणाली.

मला आमची जुनी खोली आठवली. एकाचा पाय लांब झाला की दुसऱ्यानं उठून बसायचं. मी तसं म्हणलं, तर दुकानदार म्हणाला, "बरोबर बोललात काका, हेच हाय ह्याचं." मला जरा मान मिळाल्यागत वाटलं.

एक गोष्ट मात्र मला इचित्र वाटली. पोरगी प्रत्येक पार्ट हातात घ्यायची, डाव्या हातात, आनि जरा वर खाली करायची. भाजीवाली वांगं तोलती तसं. आनि विचारायची, "वजन किती ह्याचं?"

दुकानदार हसला. "मॅडम, एवढी वर्षं धंदा करतोय. लोक स्पीड विचारतात, वॉरंटी विचारतात. वजन तुम्हीच पहिल्या विचारताय."

"मग सांगा की."

त्यानं आतनं कुरियरचा काटा आणला. मग प्रत्येक वस्तू काट्यावर. मला लाज वाटायला लागली. म्हणलं, कंप्युटर घ्यायला आलोय का रद्दी विकायला?

शेवटी आलं ग्राफिक्स कार्ड. हे महत्त्वाचं. गेम ह्याच्यावरच चालतो म्हणे. संग्रामरावांनी त्यातलं सगळ्यात लांब उचललं, हातभर लांब, तीन पंख्यांचं. दोन्ही हातांत लेकरागत धरलेलं. "हर्षदा, हे घेऊ. हे माझ्याकडनं."

तिनं मापाचा कागद बघितला. "बसत न्हाई."

"मग डबा वाढवू की. अप्पांच्या हातातलं काम हाय. एवढा छोटाच का पाहिजे पण? एकदा सांग तर."

ती त्याच्याकडं वळली. माझ्याकडं न्हाई, त्याच्याकडं. म्हणाली, "उचलून नेता यावा म्हणून."

"कुठं?"

"कुठंही. मला एकटीला."

पोरगा उभा ऱ्हायला. हातात ते लांबलचक कार्ड. मला कळंना काय चाललंय, मी आपलं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग संग्रामरावांनी ते कार्ड हळूच काउंटरवर ठेवलं आनि दुकानदाराला विचारलं, "ह्याच्यात आखूड कुठलं हाय? हलकं पण पाहिजे."

मी मनात म्हणलं, गेला. लग्नाआधीच नंदीबैल झाला.

घरी येऊन मी कामाला लागलो. आनि तुम्हाला सांगतो पाहुणं, तोवर गावात बातमी फुटली होती. मारुती स्टीलवाल्याची पोरगी कपाटाशिवाय जाणार. माझा चुलतमेव्हणा मुद्दाम च्या प्यायला आला आनि म्हणाला, "भावजी, पत्रा संपला असंल तर सांगा, आपण बघू काय तरी." च्या पिऊन गेला, पण ते वाक्य इथंच बेंचवर ठेवून गेला.

मी म्हणलं, डबा तर डबा. पण असा करतो की सासरच्यांनी तोंडात बोट घातलं पाहिजे.

तिच्या कपाटासाठी आणलेला पत्रा होता ना, तोच घेतला. चांगला जाड, वाजवला तर घंटा. दार दुहेरी केलं. बिजागरी आत लपवलेली. कपाटाला असतं तसं चकाकतं हँडल, फिरवलं की वर, खाली आनि बाजूला तिन्हीकडं दांडे जाऊन बसणार. तिनं सांगितलेलं, हवा खेळायला भोकं पाहिजेत. माझा जीव होईना. कपाटवाल्याचं सगळं आयुष्य भोकं बुजवण्यात जातं, उंदीर जाऊ नये, झुरळ जाऊ नये. पण पाडली. नुसती कशाला पाडायची, म्हणून पिंपळपानाची जाळी काढली. वर करडा रंग, भट्टीत भाजून. उचलायला माथ्यावर दुसरं हँडल. तळाला पोलादी पट्टी, उद्या कुणी उभं ऱ्हायलं तरी वाकायची न्हाई. एवढंसं कपाटच म्हणा. मला एवढं आवडलं की दोन दिवस दुकानात पुढं ठेवलं, येणारा जाणारा थांबून बघायचा.

रविवारी दुपारी हर्षदा सगळे पार्ट घेऊन आली. ह्याच बेंचवर धुतलेली चादर अंथरली. मला सांगितलं, लांब बसायचं. आक्का त्या तिथं, उंबऱ्यावर, लसणाची परडी घेऊन.

पोरीचं काम बघत बसलो. एवढासा स्क्रू, एवढासा पेचकस. आधी पाटी बसवली, मग बसका पंखा, ठेंगणी मेमरी. वायरी अशा वळवून बसवल्या, आक्का वेणी घालायची तशा. आखूड कार्ड आत सरकवलं तर दोन्हीकडं करंगळी जाईल एवढीच जागा ऱ्हायली. दार लावलं. हँडल फिरवलं. खटाक. मग तिनं घरातनं आणलेल्या टीव्हीला जोडून बटन दाबलं आनि पंखा घुमला. पडद्यावर उजेड आला. आक्का म्हणाली, "जित्तं झालं की."

मी म्हणलं, "बघितलंस? कपाटवाल्याचा डबा."

हर्षदा हसली. माझ्या जाळीवरनं बोट फिरवलं. "लई देखणा झालाय, अप्पा." मग सगळं बंद केलं, वायरी काढल्या. उभी ऱ्हायली. आनि डावा हात माथ्यावरच्या हँडलात घालून डबा उचलला.

बेंचवरनं सुटला तो. पण बोटभरच. तिचं मनगट वाकडं झालं, खांदा खाली गेला. तिनं तो परत ठेवला. एकदा हात झटकला, परत उचलला, परत ठेवला.

"अप्पा, हे कपाट झालं."

मला राग आला. खोटं कशाला बोलू. "मग दोन हातांनी उचल की. देवानं दुसरा हात कशाला दिलाय? न्हाईतर संग्रामराव उचलतील, त्यांना डेअरीत कॅन उचलायची सवय हाय."

तिनं शांतपणे सांगितलं, "दुसऱ्या हातात काय असंल ते सांगता येत न्हाई ना."

उंबऱ्यावर लसणाचा आवाज थांबला.

मी आक्काकडं बघितलं. आक्का पोरीकडं बघत होती. मग परडी बाजूला ठेवली, उठली, आत गेली. तिची एक पत्र्याची पेटी हाय, आबांनी, म्हंजे आमच्या वडलांनी केलेली. तिचं झाकण वाजलं. परत आली ती मूठ मिटून. माझ्यापुढं येऊन मूठ उघडली.

शिलाई मशीनची बॉबीन केस. खालचा दोरा असतो बघा ज्याच्यात, ती लोखंडी डबी. सुपारीएवढी. हर्षदा लहानपणी तिच्याशी खेळायची, मी शंभरदा बघितलेली. मला वाटायचं असंल कुठं पडलेली.

"माझ्या लग्नात आबांनी मशीन दिलं होतं, आठवतं तुला?" आक्का म्हणाली.

"पायाचं. आठवतं की."

"सांगलीला जाऊन आणलं. दुकानात होती त्यातलं सगळ्यात जड बघून. आबा म्हणायचे, जड म्हंजे टिकाऊ. खाली बिडाचा पाया, वर सागवानी फळी." आक्का बोलताना माझ्याकडं बघत नव्हती, त्या डबीकडं बघत होती. "मारुती, त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. मी काय कमवायला शिवत नव्हते. दुपारी सगळे पडले की बसायचे. पाय चालू झाला की बाकीचं ऐकू यायचं न्हाई. कुणी हाक मारली तरी म्हणायचे, मशीनचा आवाज होता."

आक्कानं डबी तळहातावर उलटी केली.

"जे व्हायचं ते व्हायचंच तिथं. ते नको आता. एका दिवशी मी निघाले. पोरगं काखेत घेतलं. ओट्यावर आले तर मशीन. म्हणलं हे कसं ठेवायचं? एका हातानं ओढून बघितलं. हललं न्हाई. सासू दारात उभी. म्हणाली, जा की, जा, मशीन पण घेऊन जा. आनि हसली."

"मग?"

"मग काय. पोराला खाली ठेवलं आनि आत गेले. म्हणलं गाडी बघू, कोण माणूस बघू, मशीन घेऊनच जाऊ. त्यात दोन दिवाळ्या गेल्या."

पाहुणं, मी तिचा सख्खा भाऊ. मला हे ठाऊक होतं की ती आली तवा हातात काय नव्हतं. एक पोरगं आनि एक मिटलेली मूठ. स्टँडवर आणायला मीच गेलो होतो. पण त्या दोन दिवाळ्या मला कधीच कुणी सांगितल्या नव्हत्या. तिनं त्या ह्या पोरीला सांगितल्या होत्या.

"शेवटी एवढं काढून घेतलं आनि निघाले," आक्का म्हणाली. डबी पदराला बांधली. "त्याच्याबिगर ते मशीन शिवत न्हाई. शिवू दे म्हणलं त्यांना आता."

हर्षदा हसली. आक्का पण हसली. दोघींचं ते जुनं हसणं असावं, मला त्या दिवशी दाखवलं.

मी म्हणलं, "पण संग्रामराव तसा माणूस न्हाई."

"न्हाई," हर्षदा म्हणाली. "तसा असता तर मी लग्नच केलं नसतं. आनि त्याला सांगितलंय मी."

"कवा? काय म्हणाला?"

"तुम्ही होता की तिथं, अप्पा. आखूड कार्ड कुठलं, म्हणाला."

मी उठलो आनि बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. परत आलो तवा दोघी डब्यातले पार्ट काढायला लागल्या होत्या. आक्काच्या हातात एवढासा पेचकस.

दुसऱ्या दिवशी मी खिडक्यावाल्याकडं गेलो आनि ॲल्युमिनिअमचा पत्रा मागितला. त्याला वाटलं चेष्टा करतोय. मी आयुष्यभर ॲल्युमिनिअमला कागद म्हणत आलेलो. वेल्डिंग न्हाई, नुसते रिबीट. दार एकेरी. तळाची पट्टी काढून टाकली. तिन्हीकडचं कुलूप गेलं, दोन चिमट्या बसवल्या. प्रत्येक तुकडा कापला की डाव्या हातात धरून तोलायचो. जाळीत पिंपळपान मात्र ठेवलं. भोकांनी वजन कमीच होतं, मग माझी हौस कशाला सोडू?

हँडल लोखंडाचं करणार होतो. आक्का म्हणाली, "थांब. हाताला कापंल ते." तिनं कॅनव्हासचा पट्टा घेतला, दुहेरी दुमडला, मेणाचा दोरा घेतला, आनि बसली शिवायला. हातानं. इकडं आल्यावर आबा दुसरं मशीन घ्यायला निघाले होते, तिनं नको म्हणलेलं. तवापासून ती मशीनवर बसलीच न्हाई. पण टाका असा पडत होता, एकसारखा, जसा काय खाली पाय चालू हाय. शिवून झाल्यावर पट्टा खुंटीला अडकवला आनि खाली पाण्यानं भरलेली कळशी बांधून ठेवली. दुपारभर. कळशी पडली न्हाई.

मग हर्षदानं परत सगळं बसवलं. उभी ऱ्हायली, डाव्या हातानं उचललं, आनि चालायला लागली. दुकानातनं बाहेर, रस्ता ओलांडून समोरच्या पानपट्टीपर्यंत, तिथनं परत. उजव्या हातानं साडीच्या निऱ्या धरलेल्या. आक्का उंबऱ्यावरनं बघत होती. म्हणाली, "पळून दाखव." पोरगी पळाली.

लग्नात रुखवतात ठेवला तो डबा. लाडू, चकल्या, विणलेले रुमाल, आनि मधे आमची जाळी. बाया वाकून बघायच्या. एक म्हातारी म्हणाली, ही काय तिजोरी हाय का? आक्का म्हणाली, "त्याहून भारी हाय." चुलतमेव्हणा माझ्याजवळ आला, "भावजी, कपाट मागनं येतंय का?" मी म्हणलं, "कपाट न्हाई. आमच्याकडं एवढंच देतात." पहिल्यांदा त्याचा च्या गार झालेला बघितला.

निघताना पोरगी शालू नेसून, मुंडावळ्या बांधून, आनि डाव्या हातात डबा. संग्रामरावांनी सवयीनं हात पुढं केला, घ्यायला. मग आपणच मागं घेतला आनि गाडीचं दार उघडून धरलं. मी तवा रडलो. लोकांना वाटलं पोरगी चाललीय म्हणून.

आता बरीच वर्षं झाली. पोरगी सुखात हाय. डबा घेऊन ती येती, पण दिवाळीला येती, भाऊबीजेला आक्काच्या पोराला ओवाळायला येती. आली की डबा टीव्हीला जोडती. आनि आतल्या खोलीतनं आमच्या आक्काचा आवाज येतो, "अगं डोंगरावर कशाला, नदीकडनं घाल घोडा." मधी आतले पार्ट बदलले म्हणं, नवीन घातले. पट्टा तोच हाय. काळा पडलाय हात लागून.

आनि ते तीन दारांचं कपाट? ते बघा, तुमच्या मागं. अर्धं केलेलं, आरसा बसवलाच न्हाई. त्यात नटबोल्ट ठेवतो.

हा आला च्या. घ्या, गरम हाय.

तर पाहुणं, तुमचं कपाट मी करून देणार. धंदाच हाय माझा. जड पाहिजे तर जड करतो, चार गड्यांचं करतो, आरसा लावतो. न्हाई म्हणत न्हाई. पण माप घ्यायच्या आधी माझं एक ऐका. च्या तिघांचा सांगितलाय मी. ती गाडीत बसलीय नव्हं, तुमची पोरगी, तिला जरा आत बोलवा.